आवाज पेडलचा, बिल क्लचचे

क्लच दाबताना ‘कुईं’ असा आवाज येतो, एवढ्याच तक्रारीवरून माझ्याकडून पूर्ण क्लच सेट (इंजिनची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग) बदलण्याचे साडेतेरा हजार रुपये घेण्यात आले. प्रत्यक्षात गिअरबॉक्स खाली उतरवलाच नव्हता. गाडी छोटी, पेट्रोलवरची, इंजिनची ताकद पुढच्या चाकांना देणारी आणि केबलच्या क्लचची आहे. असा क्लच असलेल्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून पेडल दोन-चार वेळा दाबले आणि सांगितले, “साहेब, रिलीज बेअरिंग ओरडतंय. प्लेट, प्रेशर प्लेट सगळंच टाकून घ्या, नाहीतर घाटात अडकाल.” हे पटण्यासारखे होते, कारण त्यातले अर्धे खरे आहे. रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटला रेटून क्लच सोडवणारे बेअरिंग, खराब झाले की पेडल दाबल्यावर घरघर किंवा कर्कश आवाज येतो आणि पाय काढला की तो थांबतो. त्या बेअरिंगपर्यंत पोचायचे तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मजुरीचा मोठा भाग त्या उतरवण्या-चढवण्यातच जात असल्यामुळे सगळा सेट एकदम बदलणे व्यवहार्यही ठरते.

मात्र त्यांनी इंजिन एकदाही बंद केले नाही. बेअरिंग फिरते ते इंजिन चालू असतानाच. त्यामुळे इंजिन बंद ठेवून पेडल दाबले आणि तरीही तोच ‘कुईं’ आवाज आला, तर तो फिरणाऱ्या बेअरिंगचा असूच शकत नाही. अशा वेळी पेडलच्या पिनेवरचा बुश (पिनेभोवतीची छोटी नळी), तिथली स्प्रिंग, केबल किंवा गिअरबॉक्सजवळचा क्लच फोर्क (बेअरिंगला पुढे रेटणारा दांडा) यांपैकी काहीतरी कोरडे पडलेले असते. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने आधी पायाजवळ, मग बॉनेटखाली कान द्यावा. पेडलचा आवाज कोणता आणि फोर्कचा कोणता, ते बहुधा तेवढ्यावर कळते.

याच्या उलट लक्षणातही क्लचच्या नावाने बिल फाडले जाते. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना, पेडलवर पाय नसताना घरघर येत असेल आणि पेडल दाबल्यावर ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर घ्यावा. तिथे नवा क्लच सेट टाकून काहीही साधत नाही. प्लेट झिजल्याची खूण तर आवाजापेक्षा वेगळीच असते: चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढतात, गाडीचा वेग मात्र वाढत नाही, आणि जळका वास येतो. माझी गाडी चार माणसे आणि सामान घेऊन खंबाटकी घाट तक्रारीविना चढून आली होती.

गाडी संध्याकाळी परत मिळाली तेव्हा आवाज खरोखरच गेला होता. पेडलच्या पिनेला ग्रीस लावल्यावर तो जाणारच.

उलगडा झाला तो काही महिन्यांनी, ड्राइव्हशाफ्टच्या (गिअरबॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) ऑइल सीलमधून गळती सुरू झाल्यावर. दुसऱ्या गॅरेजमधील फिटरने गाडी रॅम्पवर घेतली आणि इंजिन व गिअरबॉक्स जोडणाऱ्या बोल्टांवर बॅटरीचा झोत टाकला. त्यांच्या डोक्यांवर जुना चिखल वाळून दगडासारखा बसला होता, कडांना तांबूस गंज होता आणि पान्याचा एकही चकाकता ओरखडा नव्हता. मग त्याने जुने बिल मागितले. माझ्या गाडीत गिअरबॉक्स उतरवताना ड्राइव्हशाफ्ट काढावे लागतात आणि त्याआधी ऑइल सोडावे लागते. बिलात मात्र गिअरबॉक्स ऑइलचा उल्लेखच नव्हता. ‘तुमची जुनी प्लेट’ म्हणून मला दिलेली वस्तू मी स्पेअर पार्टच्या दुकानात नेली, तेव्हा माझ्या मॉडेलच्या नव्या प्लेटपेक्षा ती उघड उघड रुंद निघाली, आणि मधल्या भोकातले दातेही जुळले नाहीत. दुकानदार हसला, त्याने अशा प्लेटा पूर्वीही पाहिल्या असाव्यात.

तेव्हा क्लचच्या कामाला गाडी देण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून पेडल दाबून दाखवण्यास सांगावे, गिअरबॉक्स खाली उतरलेला असताना बोलावण्याची अट घालावी, नव्या सेटच्या पुड्यावरील पार्ट नंबर बिलात लिहून घ्यावा, आणि जुनी प्लेट तिथेच नव्या प्लेटवर ठेवून पाहावी. मला मिळाले होते ते शिक्का नसलेले कच्चे बिल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल किंवा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्यामुळे पक्के बिल मागताना संकोच करण्याचे कारण नाही.

बोल्टांचे फोटो, दुसऱ्या फिटरचा लेखी अभिप्राय आणि ती परकी प्लेट जपून ठेवून मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर गॅरेजला नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावे लागते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही. गॅरेजमालकांनी फोन करून निम्मी रक्कम देऊ केली, पण ‘काम झाले होते’ असे लिहून देण्याची अट घातली. ती मी नाकारली आहे. आयोगाकडे देण्याचा अर्ज तयार आहे.