इंजिन खोलण्याची शिस्त : वागळे इस्टेटमधील एका वर्कशॉपचा अनुभव

आमच्या जुन्या मारुती 800 चे तीन सिलिंडरचे, 796 सीसी इंजिन ऑइल खाऊ लागले होते, सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता आणि घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढताना गाडी ओढत नव्हती. अशा वेळी बहुतेक ठिकाणी गाडी पाहताक्षणीच ‘बोअर करावे लागेल’, म्हणजे सिलिंडर आतून कातून मोठे करावे लागतील, असे सांगितले जाते. ठाण्यातील या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी मात्र आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासले, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा तपासले. दाब वाढला, म्हणजे गळती व्हॉल्व्हपेक्षा पिस्टनवरच्या रिंग आणि बोअर (सिलिंडरची आतली भिंत) यांच्याकडे असण्याची शक्यता अधिक, हे त्यांनी मला नीट समजावून दिले.

त्यांचे खरे कसब खोलण्यात आहे. अ‍ॅल्युमिनियमचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) वाकू नये म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच त्यांनी हेडचे बोल्ट कडेकडून मध्याकडे, थोडे थोडे करत सैल केले. क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) जिथे बसतो त्या मेन बेअरिंगच्या कॅपवर क्रमांक आणि दिशा यांच्या खुणा करूनच त्या काढल्या. क्रँकची जागा कॅप बसवलेल्या स्थितीतच कातलेली असल्याने कॅपची अदलाबदल झाली, तर क्रँक जाम होऊ शकतो. घाईच्या कामात नेमकी हीच काळजी राहून जाते, असे मला वाटते.

बोअर गेजने प्रत्येक सिलिंडरची मापे तीन उंचींवर आणि काटकोनातील दोन दिशांनी माझ्यासमोर घेतली. वरची रिंग जिथून परत फिरते तिथे ऑइलचा थर सर्वांत पातळ आणि दाब सर्वांत जास्त असतो, त्यामुळे झीजही तिथेच अधिक होती. ती पाहिल्यावरच 0.50 मिलिमीटर ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा मोठे) पिस्टन घेण्याचे ठरले.

उणिवाही आहेत. बोअरिंग आणि होनिंग (कातलेली भिंत बारीक घासून घेणे) बाहेरच्या लेथवाल्याकडे होते, त्यामुळे दिलेली तारीख पाळली गेली नाही. ब्लॉक परत आल्यावर तो केवळ रॉकेलने धुतला जात होता; होनिंगची बारीक कच तेवढ्याने निघत नाही, म्हणून साबणाच्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुण्याचा आग्रह मला धरावा लागला. तो त्यांनी तक्रार न करता मान्य केला. बिलात मजुरी, सुटे भाग आणि लेथचे काम यांची एकत्रच रक्कम लिहिली होती, तेव्हा गाडी देण्यापूर्वीच ही फोड लेखी मागून घ्यावी.