भुसावळचे एक पाळणाघर आणि माझ्या मुलीच्या दोन बोली

भुसावळ हे बदलीचे गाव आहे. मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय येथे आहे, दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र आणि वरणगावची आयुध निर्माणी जवळच आहेत. त्यामुळे आंध्र, तामिळनाडू, बिहार, उत्तर प्रदेश अशा दूरच्या मुलखांतून आलेली कुटुंबे येथे नांदतात. माझे माहेर अमळनेर तालुक्यातले, बोली अहिराणी. यजमान बिहारमधल्या आरा भागातले, रेल्वेत नोकरीला, आणि सासूबाई घरात भोजपुरीच बोलतात. आमची मुलगी आता चार वर्षांची असून सव्वा वर्षापासून ती रेल्वे वसाहतीजवळच्या एका पाळणाघरात जाते. त्या पाळणाघराविषयी हे लिहीत आहे.

त्याआधी ती दुसऱ्या एका ठिकाणी जात होती. तेथे ती "माले भूक लागनी" म्हणाली की बाई "नीट बोल" म्हणून दटावत. घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर मूल बोलण्यात मागे पडेल, असे आम्हाला बजावण्यात आले आणि आम्ही ते खरे मानले. सासूबाईंनी नातीशी बोलणेच कमी केले, कारण भोजपुरीखेरीज दुसऱ्या भाषेत लाड करणे त्यांना जमत नाही. महिन्याभरात मुलगी घरीही गप्प राहू लागली.

या पाळणाघराच्या ताईंनी पहिल्याच भेटीत विचारले, की हिला दोन्ही बोलींतले मिळून किती शब्द येतात ते कधी मोजले आहे का. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचा शब्दसाठा एकाच भाषेच्या मापाने मोजला तर तो अपुरा दिसणारच. एका वाक्यात दोन भाषा मिसळणे हा दोष नव्हे. आणि नव्या भाषेच्या वातावरणात आलेले मूल काही आठवडे नुसते ऐकत राहते, तेव्हा त्याला बोलते करण्याची घाई करू नये, हे त्यांनी शांतपणे समजावले. त्या संध्याकाळी सासूबाई आणि मी कॅलेंडरच्या पाठीमागे शब्द लिहायला बसलो, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत ते पान भरले.

दाराशेजारी एक पुठ्ठा टांगलेला आहे. त्यावर पाणी, भूक, झोप, शी, दुखते आहे, आई हवी, असे मोजके शब्द मराठी, अहिराणी, हिंदी, भोजपुरी आणि तेलुगूत देवनागरीत लिहिलेले आहेत. सांभाळणाऱ्या मावशी यावल तालुक्यातल्या, स्वतः लेवा बोली बोलणाऱ्या. परंतु तेलुगू मुलाने "नीळ्ळु" म्हटले की पुठ्ठ्याकडे न पाहता त्या पेला भरतात. रडणाऱ्या मुलाला त्याच्या आईच्या शब्दांत उत्तर मिळणे, याहून मोठी सोय पाळणाघरात कोणती असू शकते, हे मला अद्याप सुचलेले नाही.

गेल्या आश्विनात गुलाबाईची, म्हणजे खान्देशातल्या भोंडल्याची, गाणी झाली तेव्हा खिरापत ओळखण्याचा खेळ आमच्या डब्यावर आला. सासूबाईंनी ठेकुआ, म्हणजे कणिक-गुळाचा तळलेला बिहारी गोड पदार्थ, केला होता. डबा हलवून झाला, शंकरपाळे, करंजी, बिस्किट अशी नावे घेऊन झाली, कोणालाही ओळखता आले नाही. तेव्हा माझ्या मुलीने उभे राहून मोठ्याने नाव सांगितले, आणि सगळ्या मुलांनी ते म्हणून पाहिले. शुक्रवारी येथे वरण-बट्टी असते. बट्टीला ती लिट्टी म्हणते आणि मावशी तिला दुरुस्त करत नाहीत.

तक्रारीही आहेत. डब्यात अंडे आणू देत नाहीत, कारण काही पालकांना ते चालत नाही. ज्या घरात अंडे रोजचे आहे त्या मुलाला आपला डबा चुकीचा आहे असे वाटू लागते, आणि भाषेबाबत इतकी समज दाखवणाऱ्या जागेने अन्नाबाबत असे मागे राहावे, याचे मला वाईट वाटते. मी हे ताईंना दोनदा सांगितले आहे. प्रवेशअर्जात मातृभाषेसाठी एकच रकाना आहे. मी त्यात दोन नावे लिहिली, ती त्यांनी स्वीकारली, पण रकाना तसाच आहे. औषध कधी दिले याची लेखी नोंद ठेवली जात नाही, ती ठेवलीच पाहिजे. वेळ सकाळी 8 ते सायंकाळी 7 अशी असल्याने रात्रपाळीच्या पालकांना उपयोग नाही.

फी महिना 3200 रुपये आहे. नोकरदारांना ती झेपते. पण केळीच्या बागांत कामाला आलेल्या पावरा आदिवासी कुटुंबांचे एकही मूल मला येथे दिसले नाही. अंगणवाडी थोडे तास चालते आणि आईबाप दिवसभर बागेत असतात, तेव्हा या पुठ्ठ्यावर सहाव्या भाषेची गरज सर्वांत जास्त त्यांच्याच मुलांना आहे. दोन जागा कमी फीत ठेवाव्यात, फरक आम्ही पालक वाटून घेऊ, असे मी सुचवले आहे. ताईंनी जूनच्या प्रवेशापर्यंत विचार करून सांगते असे म्हटले आहे, आणि तोवर पावरी शब्द लिहून देणारे कोणी माहीत असल्यास कळवा, असेही.