२४७स्पोर्ट्सची रिक्रूटिंग क्रमवारी कितपत भरवशाची?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये कोणता संघ तीन-चार वर्षांनी कुठे असेल, याचा अंदाज बांधायला चाहते ज्या साधनाकडे सर्वांत आधी वळतात, ते म्हणजे २४७स्पोर्ट्स या संकेतस्थळाची कॉम्पोझिट क्रमवारी. शाळेतल्या खेळाडूंना वेगवेगळ्या संस्थांनी दिलेले गुण एकत्र करून इथे प्रत्येक मुलाला चार दशांश स्थळांपर्यंतचा एक आकडा मिळतो आणि त्यावरून विद्यापीठाच्या त्या वर्षीच्या भरतीचा, म्हणजे क्लासचा, क्रम लागतो. याद्या फुकट पाहता येतात. वर्गणी भरावी लागते ती आतल्या गोटातल्या बातम्यांसाठी, आणि माझ्या मते त्यावाचून फारसे काही अडत नाही.

मांडणी सुटसुटीत आहे. खेळाडूच्या पानावर उंची, वजन, गाव, शाळा, कोणकोणत्या विद्यापीठांनी शिष्यवृत्ती देऊ केली त्याची यादी आणि पाचपैकी किती तारे ते असते. साधारण ०.९८ च्या पुढचा मुलगा फाइव्ह-स्टार. असे दरवर्षी तिसेकच असतात, कारण एनएफएल ड्राफ्टच्या, म्हणजे व्यावसायिक लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या, पहिल्या फेरीतल्या ३२ निवडी डोळ्यांपुढे ठेवून ही मोजपट्टी आखलेली आहे. संघाचे गुण काढताना सर्वोत्तम मुलाला पूर्ण वजन आणि पुढच्या प्रत्येकाला उतरते वजन दिले जाते, त्यामुळे नुसती खोगीरभरती करून वर चढता येत नाही. तरीही मोठ्या क्लासला थोडा फायदा मिळतोच, म्हणून शेजारच्या रकान्यातली सरासरी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता मुख्य प्रश्न: हे आकडे पुढे खरे ठरतात का? चार वर्षांची बेरीज घेतली तर बव्हंशी ठरतात. अलाबामा विद्यापीठाने कोच निक सेबन यांच्या काळात २०११ ते २०१७ असे सलग सात वर्षे पहिल्या क्रमांकाचे क्लास आणले, आणि सेबन यांची तिथली सहा विजेतेपदे २००९ ते २०२० या काळातली आहेत. २०१८ मध्ये जॉर्जियाने ती मालिका तोडली. २०२१ आणि २०२२ च्या सीझनची विजेतेपदे जॉर्जियाकडे गेली, आणि २०२२ च्या ड्राफ्टमध्ये त्या संघाचे १५ खेळाडू निवडले गेले, त्यांतले पाच बचावपटू पहिल्याच फेरीत. रिक्रूटिंगचे विश्लेषक बड इलियट यांनी रूढ केलेला ‘ब्लू-चिप रेशो’ हेच सांगतो: मागच्या चार क्लासमध्ये फोर- आणि फाइव्ह-स्टार खेळाडू निम्म्याहून अधिक नसतील, तर राष्ट्रीय विजेतेपद विसरा. २०२४ च्या सीझनपर्यंत हा नियम मोडला नव्हता. टीसीयूचा (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा) संघ २०२२ च्या सीझनमध्ये त्या रेषेच्या खाली असूनही अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला खरा, पण तिथे जॉर्जियाने त्याला ६५–७ असे लोळवले.

एका मुलाबद्दल किंवा एका वर्षाबद्दल मात्र या क्रमवारीवर विसंबू नये. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात हे इथे पुरते खरे नाही, कारण सतराव्या वर्षीचा लाइनमन (पुढच्या फळीतला धिप्पाड खेळाडू) एकविसाव्या वर्षी शरीराने वेगळाच माणूस असतो. जॉर्जियाच्या त्याच बलाढ्य बचावफळीतला जॉर्डन डेव्हिस थ्री-स्टार होता, आणि दोन्ही विजेतेपदे जिंकणारा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, स्टेट्सन बेनेट शिष्यवृत्तीविना वॉक-ऑन म्हणून आला होता. उलट बाजूला टेक्सस ए अँड एमचा २०२२ चा क्लास तोवरच्या इतिहासातला सर्वाधिक गुणांचा ठरला. त्याच वर्षी संघ घरच्या मैदानावर ॲपलाचियन स्टेटकडून हरला आणि ५–७ वर थांबला. त्या क्लासमधली अनेक मुले पुढे इतर विद्यापीठांत गेली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये कोच जिंबो फिशर यांना साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागत असूनही काढले गेले. (एवढ्या पैशांत किती क्लास उभे राहिले असते, हा हिशेब तिथल्या चाहत्यांनी नक्कीच केला असेल.)

म्हणूनच मुले विद्यापीठांशी करारावर सही करतात त्या दिवशी गाजणाऱ्या क्लासच्या यादीपेक्षा ‘टीम टॅलेंट कॉम्पोझिट’ हे पान मला अधिक मोलाचे वाटते. गेली किती मुले आणि उरली किती, हे जाणून आज प्रत्यक्ष संघात असलेल्यांची बेरीज तिथे मिळते. २०२१ पासून एकदा विद्यापीठ बदलल्यावर वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि खेळाडूंना स्वतःच्या प्रसिद्धीवर पैसे कमावण्याचीही मुभा मिळाली; तेव्हापासून क्लास चार वर्षे एकत्र राहील हे गृहीतच धरता येत नाही.

या पानाचीही एक उणीव आहे. खेळाडूचे मोल तिथे मुख्यतः शाळेत असताना मिळालेल्या रिक्रूटिंगच्या गुणांवरून ठरते. कोच कर्ट सिग्नेटी यांनी आपल्या आधीच्या, जेम्स मॅडिसन विद्यापीठाच्या संघातले मुरलेले खेळाडू सोबत आणले आणि २०२३ मध्ये ३–९ असलेल्या इंडियानाला २०२४ मध्ये ११ विजय मिळवून दिले. ते खेळाडू कॉलेजात काय शिकले, हे ताऱ्यांत कुठेच उमटले नव्हते. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठातून बदली घेऊन, आलेल्यांसाठी वेगळे गुण संकेतस्थळ देते, ते पान सोबत उघडून ठेवावे. पाचपैकी चार तारे.