सिटीलिंक: बस बरी, रस्ता तिचा नाही

एसटीनं हात आखडता घेतल्यावर नाशिकची शहर बस महापालिकेच्या कंपनीकडे आली आणि 8 जुलै 2021 ला सिटीलिंक धावू लागली. दुचाकी किंवा कार घरी ठेवून हिच्या भरवशावर रोज कामाला जाता येतं का, एवढीच कसोटी इथे लावली आहे.

ताफ्याचं नियोजन 250 बसचं होतं: 200 सीएनजी, 50 डिझेल. सीएनजीमुळे जुन्या डिझेल बसमागचा काळा धूर गेला, हे मान्य. पण शहराची हवा सुधारायची तर बसनं स्वतःचा धूर कमी करून भागत नाही, रस्त्यावरच्या गाड्या कमी व्हायला हव्यात. त्यासाठी लाख लोकसंख्येमागे किमान 40 बस असाव्यात, असा मापदंड आहे. 2011 च्या जनगणनेतली 14.86 लाख लोकसंख्या धरली तरी आकडा सहाशेच्या घरात जातो. तेव्हापासून शहर किती फुगलंय, ते पाथर्डी फाट्याला उभं राहिलं की कळतं.

खरी गोम मात्र वेगात आहे. दहा किलोमीटरचा मार्ग घ्या. बस ताशी 20 च्या सरासरीनं धावली तर जायला 30 मिनिटं, यायला 30, दोन्ही टोकांना दहा-दहा मिनिटं थांबा: एक फेरी 80 मिनिटांची. दर दहा मिनिटांना बस द्यायला 8 गाड्या पुरतात. कोंडीत सरासरी 12 वर आली की तीच फेरी 120 मिनिटांची होते आणि गाड्या लागतात 12. म्हणजे चार बस नुसती कोंडी खाते, प्रवासी एकही वाढत नाही. जादा गाड्या नसतील तर दर दहा मिनिटांना येणारी बस पंधरा मिनिटांनी येते आणि वैतागलेला माणूस पुन्हा दुचाकीला किक मारतो. द्वारका चौकात हेच होतं: मुंबई-आग्रा महामार्ग उड्डाणपुलावर गेला, पण पुणे रोडची बस खालच्या गर्दीतच. अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रोड नव्यानं केला, तिथेही बसला वेगळी मार्गिका नाही. मग स्मार्ट कोण झालं?

बस चालवणाऱ्या ठेकेदाराशी करार किलोमीटरमागे पैसे देण्याचा आहे, तिकिटाचे पैसे महापालिकेच्या कंपनीकडे जातात. त्यामुळे प्रवासी पळवण्याची शर्यत लागत नाही, हा फायदाच. तोटा असा, की भरलेली असो वा रिकामी, ठेकेदाराला रक्कम तीच. थांब्यावर बस नीट उभी राहते का, हे तपासायला वेगळी माणसं लागतात. वाहक पुरवणारा ठेकेदार निराळा. पगार थकल्यामुळे वाहकांनी एकापेक्षा जास्त वेळा काम बंद ठेवलं आणि चालक, इंधन सगळं तयार असूनही बस आगारातच राहिल्या.

वापरायचीच तर निमाणी–नाशिक रोडसारख्या दाट मार्गावर वापरा, तिथे एक चुकली तरी दुसरी मिळते. खूप वेळानं खच्चून भरलेली बस आली तर लोंबकळू नका. उशिरा धावणाऱ्या बसला प्रत्येक थांब्यावर जास्त माणसं भेटतात, ती आणखी रेंगाळते, आणि मागची रिकामी बस तिला येऊन गाठते. दोन मिनिटं थांबलात तर बसायला जागा मिळण्याची शक्यता बरीच. नाशिक रोड स्टेशनवरून रेल्वे पकडायची असेल तर संध्याकाळी द्वारका चौकासाठी वीस मिनिटं जास्तीची धरा.