सोया दुधाचं घरगुती यंत्र : दळण उत्तम, शिजवणं अपुरं

माळव्यात सोयाबीन पोत्यांनी पिकतं, पण इंदूरच्या घरात ते येतं तेलाच्या डब्यातून, नाहीतर सोया वडीच्या पाकिटातून. पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते. अख्खा दाणा आपल्या स्वयंपाकघरात रुळला नाही, कारण घरी काढलेल्या दुधाला कच्च्या शेंगेसारखा हिरवट वास येतो आणि तो वेलची-जायफळानेही झाकला जात नाही. हा वास घालवतो असं सांगत किटलीच्या आकाराची यंत्रं आता सहज मिळू लागली आहेत. सव्वा लिटरचं भांडं, ७५० ते ८०० वॅटचा हीटर, मोटर आणि पातं. दाणे आणि पाणी घालायचं, बटण दाबायचं, अर्ध्या तासात दूध तयार.

हे परीक्षण एका कंपनीच्या यंत्राचं नाही, या प्रकारच्या यंत्रांचं आहे. नावं वेगळी असली तरी आतली रचना फार वेगळी नसते, आणि घेताना बघायच्या गोष्टीही त्याच असतात. आमचं मत आधीच सांगतो: गरम पाण्यात दाणे दळण्याचं काम हे यंत्र मिक्सरपेक्षा निश्चित चांगलं करतं. दूध शिजवण्याचं काम मात्र ते अर्ध्यावर सोडतं, आणि माहितीपुस्तिकेत याचा उल्लेख सहसा नसतो.

आधी वासाचं बघू. दाणा अख्खा असेपर्यंत त्याला फारसा वास नसतो. तो फुटला की त्यातलं लिपॉक्सिजिनेज नावाचं एन्झाइम, तेल, पाणी आणि हवा एकत्र येतात आणि काही क्षणांत हेक्झॅनलसारखे वासाचे पदार्थ तयार होतात. एकदा झालेला वास नंतर कितीही उकळलं तरी पुरता जात नाही. म्हणून उपाय दळतानाच करावा लागतो. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी १९६७ मध्ये दाखवून दिलं की ८० ते १०० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दाणे दळले तर हे एन्झाइम काम करण्याआधीच निकामी होतं. चांगलं घरगुती यंत्र याच तत्त्वावर चालतं: आधी पाणी तापवायचं, मग पातं फिरवायचं.

त्यामुळे दुकानात यंत्र बघताना एक चाचणी जरूर करा. भांड्यात गार पाणी भरून ‘भिजवलेले दाणे’ हा प्रोग्राम सुरू करायला सांगा. सुरुवातीला एखादा झटका देऊन मोटर थांबली आणि पुढची काही मिनिटं फक्त पाणी तापत राहिलं, तर यंत्र बरोबर आहे. पहिल्याच मिनिटापासून ते सलग दळायला लागलं तर ते गार दळणारं यंत्र आहे. त्याचं दूध वास मारणारच. बाकी सोयी कितीही असोत, ते घेऊ नका.

वासावर दुसरा उपाय इलिनॉय विद्यापीठाचा. याच विद्यापीठाने साठच्या दशकात जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांबरोबर सोयाबीनवर काम केलं होतं, म्हणजे माळव्याच्या या पिकाशी त्याचं जुनं नातं आहे. त्यांच्या पद्धतीत दाणे फोडण्याआधीच अख्खे उकळायचे. घरी करायचं तर लिटरभर उकळत्या पाण्यात ५ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून भिजलेले दाणे त्यात १० मिनिटं उकळायचे, पाणी ओतून टाकायचं, दाणे धुवायचे आणि मग यंत्रात घालायचे. वास जवळजवळ नाहीसा होतो. पण उकळल्याने दाण्यातली प्रथिनं आतच घट्ट बसतात आणि गाळल्यावर चोथ्यात जातात. इलिनॉयच्या पद्धतीत दूध गाळत नाहीत, उच्च दाबाच्या होमोजनायझरमधून, म्हणजे कण बारीक करून एकजीव करणाऱ्या यंत्रातून, काढून सगळा दाणा दुधातच ठेवतात. घरच्या यंत्रात ती सोय नाही, त्यामुळे दूध पातळ तरी होतं नाहीतर जिभेला खडूसारखं लागतं. सोया पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी ही पद्धत ठीक आहे. रोजच्यासाठी गरम दळणंच बरं.

आता शिजवण्याचा मुद्दा, या यंत्राची खरी उणीव. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन इनहिबिटर असतं. ते प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवतं, म्हणून अर्धकच्चं दूध प्यायल्यावर मळमळ, पोटदुखी, उलटी होऊ शकते. वास घालवायला ८० अंश पुरतात, पण या इनहिबिटरला पुरत नाहीत. सोया दुधावरच्या संशोधनातले आकडे असे: त्याचा सुमारे ९० टक्के भाग निकामी करायला ९३ अंशांवर ६० ते ७५ मिनिटं लागतात, आणि १२१ अंशांवर ५ ते १० मिनिटं. यंत्राची पूर्ण फेरी साधारण २० ते ३० मिनिटांची असते. त्यातला बराच वेळ पाणी तापण्यात आणि दळण्यात जातो, प्रत्यक्ष उकळीवर दूध थोडाच वेळ राहतं. शिट्टी वाजली, दिवा लागला, म्हणून दूध पुरतं शिजलं असं समजू नये.

यात फेसाची भर पडते. सोयाबीनमधल्या सॅपोनिनमुळे दूध ८० अंशांच्या आसपासच फुगून वर येतं. गॅसवर हे बघून दूध उतू चाललं असं वाटतं आणि आपण आच बंद करतो. ती खरी उकळी नसतेच. यंत्रही असंच फसतं. झाकणाखाली एक छोटी धातूची दांडी लोंबत असते, तो फेसाचा सेन्सर. फेस दांडीला टेकला की हीटर बंद, खाली बसला की चालू. दांडीवर दुधाची साय वाळून बसली असेल तर यंत्राला कायमच फेस आल्यासारखं वाटतं, हीटर पुन्हा पुन्हा बंद होतो, आणि वेळ संपली की शिट्टी मात्र नेहमीसारखी वाजते. दूध नेहमीपेक्षा पातळ फेसाचं, कच्चट चवीचं लागलं तर पहिल्यांदा ही दांडी तपासा. प्रत्येक वापरानंतर ओल्या फडक्याने पुसली की हा त्रास होत नाही.

उणीव भरून काढायचं साधन प्रत्येक मराठी घरात आहे: कुकर. पूर्ण दाबाला कुकरमधलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं, म्हणजे वरच्या आकड्यांतला छोटा वेळ आपल्याला मिळतो. यंत्रातलं दूध गाळून कुकरच्या डब्यात घ्या, डबा निम्माच भरा, वर झाकण ठेवा. कुकरच्या तळाशी नेहमीसारखं पाणी घाला. पहिली शिट्टी झाली की आच मंद करून १५ मिनिटं ठेवा. डब्यातलं दूध तापायला वाफेपेक्षा उशीर लागतो, म्हणून ५ मिनिटांवर भागत नाही. दाब आपोआप उतरू द्या. दूध थेट कुकरमध्ये ओतून शिजवायचं मात्र कधीही नाही. फेस शिट्टीच्या भोकात जाऊन ते बंद होतं, आणि हा धोका साधा नाही. कुकर नको असेल तर जाड बुडाच्या पातेल्यात, फेस खाली बसल्यावर खरी उकळी येऊ देऊन मंद आचेवर २० ते ३० मिनिटं ढवळत राहावं लागेल. बुडाला लागण्याची भीती जास्त, वेळही जास्त.

दाणे कुठले घ्यायचे? इंदूरच्या छावणी मंडीतला माल स्वस्त असतो. २०२५-२६ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे, म्हणजे १०० ग्रॅम दाण्याला साडेपाच रुपयांच्या आतच. सियागंजमध्ये निवडलेला माल याहून महाग पडतो, तरी लिटरभर दुधाच्या हिशेबात फरक किरकोळ आहे, आणि खडे, फुटके दाणे, माती निवडण्याचा वेळ वाचतो. फुटके दाणे काढायलाच हवेत, कारण त्यांच्यात वासाची क्रिया आधीच सुरू झालेली असते. पेरणीसाठीचं बियाणं चुकूनही वापरू नका. त्यावर बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुधा गुलाबी किंवा लाल रंगासह, आणि धुऊन ते खाण्याजोगं होत नाही. शेतातून कोणी ‘घरचंच आहे’ म्हणून पिशवी आणून दिली तर ते उरलेलं बियाणं नाही ना, हे विचारून घ्या.

वाणाचाही फरक पडतो. खंडवा रोडवरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने खाण्यासाठी काही खास वाण काढले आहेत. एनआरसी १२७ मध्ये कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नाही. एनआरसी १४२ मध्ये ते नाही आणि वासाला कारण होणारं लिपॉक्सिजिनेज-२ सुद्धा नाही. असा दाणा ओळखीच्या शेतकऱ्याकडून मिळाला तर जरूर घ्या. कुनिट्झ हा इनहिबिटरचा मोठा भाग आहे, पण बोमन-बर्क नावाचा दुसरा, उष्णतेला जास्त चिवट असलेला भाग दाण्यात राहतोच. म्हणून या वाणांचं दूधही शिजवावं लागतंच, फक्त चुकीला थोडी जागा राहते.

प्रमाण असं ठेवा: १०० ग्रॅम कोरडे दाणे, भिजवायला ३०० मिलिलिटर पाणी. दाणा फुलून वजन सव्वादोन पटीच्या आसपास जातं. नीट भिजलेला दाणा बोटांनी दुभंगला तर दोन्ही दलं आतून सपाट दिसतात. मधे खळगा असेल तर अजून भिजायचा आहे. हिवाळ्यात १० ते १२ तास लागतात. मे महिन्यात ६ तासही पुष्कळ, त्यानंतर पाणी फेसाळतं आणि आंबूस वास येतो. याच कारणासाठी यंत्रातली ‘रात्री भरा, सकाळी दूध’ ही टायमरची सोय उन्हाळ्यात बंद ठेवा. सुपर कॉरिडॉरच्या कंपन्यांत किंवा पीथमपूरच्या पहिल्या पाळीला जाणाऱ्यांना ती सोय मोहात पाडते हे खरं, पण रात्रभर गरम खोलीत पडलेले दाणे त्याच पाण्यात दळले जातात. शिवाय भिजवलेलं पाणी ओतून टाकल्याने पोटात वायू करणारी काही साखरही जाते. टायमरमध्ये ती सगळी दुधात राहते. त्याऐवजी दाणे भिजवून, सालं चोळून, फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी नुसतं यंत्रात टाकायचं.

पाणी एकूण एक लिटरच्या खुणेपर्यंत. नर्मदेचं नळाचं पाणी चालतं. बोअरचं जड पाणी नको: त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम प्रथिनांना धरतं, दूध कमी उतरतं आणि तापल्यावर बारीक कण दिसतात. दाणे जास्त घालून दाट दूध काढायचा प्रयत्न करू नका. बुडाशी थर बसतो, तो जळतो, आणि तापमानाचा सेन्सर फेरी मधेच तोडतो. सोया पनीरसाठी (टोफूसाठी) दाट दूध हवंच असेल तर १२० ग्रॅमवर थांबा.

‘गाळायची गरज नाही’ या जाहिरातीवर विसंबू नका. या वर्गातल्या यंत्रांत रवाळपणा राहतोच. मलमलच्या फडक्यातून पिळून काढल्यावर ८०० ते ८५० मिलिलिटर दूध हाती येतं. ओला चोथा थालीपिठात किंवा कोथिंबीर वडीत छान जिरतो, पण त्याच दिवशी वापरायचा, आणि तोही पुरता शिजवून.

धुण्याचं काम कंटाळवाणं आहे. दूध ओतल्याबरोबर भांड्यात पाणी भरा. हीटरच्या तळावर प्रथिनांचा थर वाळला तर तो खरवडल्याशिवाय निघत नाही, आणि खरवडलेल्या तळावर पुढचं दूध आणखी लवकर लागतं. थर बसलाच तर लिंबाच्या फुलाचं पाणी तासभर भरून ठेवा. मोटर असलेलं झाकण पाण्यात बुडवायचं नाही. रबरी सीलमधून पाणी आत गेलं की मोटर जाते. घेण्याआधी सील आणि पातं सुटं मिळतं का हे विचारा. मिळत नसेल तर यंत्र किती टिकेल हे त्या सीलवर ठरतं.

वीज एका फेरीला पाव ते तीन दशांश युनिट. आवाज मिक्सरपेक्षा दबका, पण पहाटे लहान बाळ झोपलेलं असेल तर जाग येण्याइतका.

दूध कसं आहे? २०० मिलिलिटरच्या पेल्यात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, लॅक्टोज नाही. म्हणून साधं दूध न पचणाऱ्यांना उपयोगी. पण घरच्या सोया दुधात कॅल्शियम गाई-म्हशीच्या दुधापेक्षा खूपच कमी आणि बी-१२ नाही; पाकिटातल्या बऱ्याच सोया दुधांत ही दोन्ही वरून घातलेली असतात. वर्षाखालच्या बाळाला हे दुधाच्या जागी देऊ नये. थायरॉईडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, किती ते आपल्या डॉक्टरांना विचारावं. गार करून लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस चांगलं राहतं.

आठवड्यातून तीन-चार वेळा दूध काढणाऱ्या घराला हे यंत्र घ्यावं असं आम्ही सांगू. गरम दळण मिक्सरमध्ये करणं अवघड आणि धोक्याचं आहे, उकळत्या पाण्याच्या वाफेने झाकण उडतं. महिन्यातून एखाद्या वेळी पनीर करणाऱ्यांनी मात्र पैसे घालवू नयेत. दाणे सोड्याच्या पाण्यात उकळा, कोमट झाल्यावर मिक्सरमध्ये बारीक करा, गाळून कुकरच्या डब्यात शिजवा. दूध थोडं कमी निघेल, पण पुरतं शिजलेलं असेल.