जुन्या हार्डडिस्कला एसएसडीचा कॅश लावला, दिवाळीपासून आतापर्यंतचा अनुभव

नागपुरात धरमपेठेत आपला छोटा फोटो स्टुडिओ आहे, लग्न, बारसं, अल्बम, सगळं. डेटा एका लिनक्स मशीनवर, 4 टीबीच्या दोन हार्डडिस्क मिरर करून (दोन्हींवर तोच डेटा), अन् पोरं साम्बावरून (नेटवर्कवर फोल्डर शेअर करायचं सॉफ्टवेअर) थेट त्याच्यावरच काम करतात. दोघांनी एकदम फोल्डर उघडले की थंबनेल एकेक करून उगवायचे, तोवर चहा पिऊन व्हायचा. 7200 आरपीएमची डिस्क सलग मोठी फाइल आरामात वाचते, पण इकडून थोडं तिकडून थोडं वाचायचं म्हटलं की हेड नुसतं नाचत राहतं अन् सेकंदाला शंभरेक वाचनांत तिचा दम निघतो.

सगळंच एसएसडीवर न्यायला बजेट नाही, म्हणून 500 जीबीची साधी साटा एसएसडी घेतली अन् एलव्हीएम (लिनक्समधलं डिस्कची जागा वाटून सांभाळायचं साधन) याचा कॅश लावला, म्हणजे वारंवार लागणाऱ्या डेटाची प्रत वेगवान एसएसडीवर ठेवायची. आतून तो डीएम-कॅशच आहे, लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये 2013 पासून, म्हणजे काही नवा प्रयोग नाही. बीकॅश हा दुसरा तसाच पर्यायही पाहिला होता पण त्यात सहसा डिस्क आधी त्याच्या पद्धतीने तयार करावी लागते, भरलेला डेटा हलवत कोण बसते बे! इथे एसएसडी हार्डडिस्कच्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (एलव्हीएमचा डिस्कचा गट) घेतली, तिच्यावर एलव्ही म्हणजे एक भाग काढला, एलव्हीकन्व्हर्ट कमांडने डेटाच्या व्हॉल्यूमला जोडला, तेही व्हॉल्यूम माउंट म्हणजे वापरात असतानाच.

सुरुवातीला काहीच फरक नाही, पोरं म्हणे भाऊ पैसे गेले. पण हा कॅश एकदा वाचलेलं लगेच उचलत नाही, जे ब्लॉक परत परत लागतात तेच हळूहळू एसएसडीवर आणतो. एलव्हीएस कमांडमध्ये रीड हिट (एसएसडीवर सापडलेली वाचनं) अन् रीड मिस (न सापडलेली) यांचे आकडे दिसतात, ते अधूनमधून बघायचो, हळूहळू हिट मिसच्या बरेच पुढे गेले. आता चालू सीझनच्या लग्नांचे फोल्डर झटकन उघडून राहिले. मागच्या वर्षीचं एखादं उघडलं तर तेच जुनं रडगाणं, ते अपेक्षितच आहे. कार्डवरून नवीन फोटो टाकायलाही काही फायदा नाही कारण मी राइटथ्रू ठेवलाय, लिहिलेलं हार्डडिस्कवर गेल्याशिवाय काम झालं असं धरतच नाही.

राइटबॅक करा असं बरेच जण सुचवतात, वेग मिळतो हे खरं, पण त्यात ताजा डेटा काही वेळ फक्त एसएसडीवरच असतो अन् ती एकटीच, तिला मिरर नाही. गेली तर कोणाच्या तरी लग्नाचे फेरे गेले. राइटथ्रूमध्ये एसएसडी मेली तरी डेटा हार्डडिस्कवर शाबूत राहतो, कॅश काढून टाकायचा अन् पुढे चालायचं.

मे महिन्यात पारा 45 च्या वर अन् लाइटीचा खेळ चालूच, एकदा यूपीएसनेही मान टाकली. मशीन असं धाडकन बंद पडलं की पुढच्या बूटला कॅशमधले सगळे ब्लॉक डर्टी, म्हणजे हार्डडिस्कवर अजून न लिहिलेले, असे धरले जातात अन् ते परत हार्डडिस्कवर लिहून होईपर्यंत सगळं रेंगाळतं. डेटा काही गेला नाही, पण ती दुपार वायाच.

ज्यांचं रोजचं काम त्याच त्या फायलींवर फिरते त्यांनी बिनधास्त लावा. तुमचं काम नुसतं मोठे व्हिडिओ एकदा वाचून सोडून द्यायचं असेल तर हे पैसे राजेहो दुसरीकडे लावा. अन् मशीनमध्ये रॅम 8 जीबीच असेल तर आधी ती वाढवा, लिनक्स मोकळ्या रॅममध्ये स्वतःच फायली कॅश करतो.