पितळी नळीसाठी संथ इपॉक्सी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, लाकडाची आणि अ‍ॅक्रिलिकची पेनं बनवते. ठोकळ्याला भोक पाडून आत पितळी नळी चिकटवायची आणि मग ठोकळा बाहेरून कातायचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी या नळ्या इन्स्टंट ग्लूने चिकटवणं बंद केलं आणि संथ सेट होणाऱ्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीवर आले. हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तोच, रेझिन आणि हार्डनर समान घेऊन कालवायचा. तेव्हापासून साठेक पेनं झाली. बहुतेक स्लिमलाइन, म्हणजे ७ मिमीच्या नळीची. रत्नागिरीचा पावसाळा आणि त्यानंतरची कोरडी हवा दोन्ही त्यात येऊन गेल्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल असं वाटतं.

इन्स्टंट ग्लू का सोडला ते आधी सांगते. तो ओलाव्याने सेट होतो, त्यामुळे दमट दिवसांत त्याचा अंदाजच बांधता येत नाही. मे महिन्याच्या शेवटी शिसवीच्या ठोकळ्यात नळी अर्धी गेली आणि तिथेच धरली. ना पुढे, ना मागे. ती ड्रिलने पोखरून काढताना ठोकळा फुटला. पण अडकलेली नळी निदान डोळ्यांना दिसते. खरा दगा आतली पोकळी देते. नळी पूर्ण आत जाते, आपण निर्धास्त होतो, आणि लेथवर लाकूड पातळ होत बुशच्या, म्हणजे पेनाची शेवटची जाडी दाखवणाऱ्या कडीच्या, मापाला आलं की टवका उडतो. असा एक टवका उचलून पाहिला, तर त्याची आतली बाजू कोरी आणि खाली पितळ लखलखीत. ग्लू भोकाच्या तोंडाशीच खरवडला गेला होता, आत पोचलाच नव्हता.

इपॉक्सीने ही अडचण जवळजवळ संपवली, कारण तो वेळ देतो. कालवल्यावर तासभर तरी हाताशी राहतो. मी आधी काडीने भोकाच्या आत फिरवते, मग नळीवर पातळ थर देते आणि नळी पिळत पिळत घालते. अर्ध्यापर्यंत गेली की बाहेर काढून दुसऱ्या टोकाने घालते. दोन्ही तोंडांशी ग्लूचं बारीक कडं दिसलं की आत सगळीकडे पोचल्याची बरीचशी खात्री होते. ग्लू नळीच्या आत जाऊ नये म्हणून तिची तोंडं बंद करायला कच्च्या बटाट्याची चकती घ्यायची. नळी त्यात दाबली की बुच आपोआप बसतं. रात्रभर ठेवून सकाळी सळईने ढकललं की निघून येतं. कणीकही वापरून पाहिली, चालते, पण पावसाळ्यात तिला मुंग्या लागल्या.

मात्र नुसता ग्लू बदलून भागलं नाही. सुरुवातीच्या दहा-बारा पेनांपैकी दोन तरीही सुटली, आणि दोन्ही वेळा चूक माझीच होती. नवी नळी गुळगुळीत असते, तिच्यावर हाताचा तेलकटपणा असतो. आता प्रत्येक नळी १५० नंबरच्या पॉलिश पेपरवर आडवी घासते, चकाकी पूर्ण जाईपर्यंत, मग अ‍ॅसिटोनने पुसते आणि त्यानंतर बोट लावत नाही. सागवान आणि शिसव अंगचेच तेलकट, म्हणून त्यांचं भोकही अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसून वाळू देते. भोकाचं मापही बघावं लागतं. नळी बोटाने सहज सरकावी, पण ठोकळा उलटा धरला तर धप्पकन पडू नये. फार घट्ट असेल तर ग्लूला जागाच उरत नाही. ड्रिल सावकाश, दर सेंटीमीटरला बाहेर काढून भुसा झाडत. अ‍ॅक्रिलिकमध्ये तर हे पाळलंच पाहिजे, ते तापलं की आतून तडकतं.

अर्धपारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून पितळ दिसतं. तिथे मी इपॉक्सीत त्याच रंगाची पूड कालवते आणि नळीही रंगवते. इन्स्टंट ग्लूने माझा रंग डागळला होता, इपॉक्सीने एकदाही नाही.

पाच मिनिटांचा इपॉक्सी मधला मार्ग म्हणून महिनाभर वापरला. मन भरलं नाही. घाई पुन्हा आलीच, शिवाय पॉलिश करताना पेन तापलं की सांधा मऊ पडायचा.

आता त्रास. आज चिकटवलेला ठोकळा उद्या संध्याकाळच्या आत मी लेथवर घेत नाही, त्यामुळे हौसेने बसलेल्याला उगाच थांबावं लागतं. जानेवारीत पहाटे रेझिन इतकं घट्ट होतं की ट्यूब कोमट पाण्यात ठेवावी लागते. मात्रा डोळ्याने घेतली तर चुकते. एकदा हार्डनर कमी पडला आणि सांधा चार दिवसांनीही चिकटच राहिला. नळीच्या आत गेलेला इपॉक्सी बॅरल ट्रिमर, म्हणजे ठोकळ्याची टोकं सपाट करणारं हत्यार, फिरवण्याआधी खरवडून काढावा लागतो, नाहीतर निबचा भाग दाबून बसवताना नळी फाकते. आणि हातमोजे हवेतच. मी दोन महिने घातले नाहीत, बोटांवर पुरळ उठलं.

नोव्हेंबरात शेजारच्या काकूंनी त्यांच्या आईच्या जात्याचा खुंटा आणून दिला. माहेरचं घर पाडलं, जातं गेलं, खुंटा तेवढा उरला होता. हात फिरून फिरून तो काळा गुळगुळीत झालेला. लांबी मोजली तर एका पेनाच्या दोन नळ्यांपुरतीच, वर बोटभरसुद्धा नाही. लाकूड आवळतं, पितळ आवळत नाही, म्हणून भोक पाडून तो ठोकळा तीन आठवडे माळ्यावर कोरडा होऊ दिला. मग चिकटवला आणि दोन रात्री हात लावला नाही. लेथवर शेवटचे दोन मिमी काढताना मी श्वास धरून होते. टवका उडाला नाही. ते पेन काकूंनी नागपूरला मुलीकडे पाठवलं. तिकडची हवा आमच्यापेक्षा कितीतरी कोरडी. मागच्या आठवड्यात तिने फोटो पाठवला, मी दोन्ही टोकं मोठी करून पाहिली. अजून कुठे केसाएवढीही भेग नाही.